ताटावर आडवा हात

लिन त्रान तिच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत वाईट हरली ती आमच्या जेवणाच्या टेबलावर, आणि जिने तिला हरवलं त्या बाईला आपण सामना खेळतो आहोत याचा पत्ताही नव्हता. ती बाई म्हणजे माझी आई. आज तिने सत्तरी ओलांडली आहे. हा विषय निघाला की "तुम्ही सगळे तिखटमीठ लावून सांगता" असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जाते. म्हणून मी तिखटमीठ बाजूला ठेवून, जमेल तेवढं मोजूनमापून लिहिते आहे. मोजमाप हा तसा माझा पोटापाण्याचाच उद्योग. युट्रेख्टमधल्या एका ऑफिसात मी लोकांच्या विजेच्या आकड्यांचा ताळमेळ लावते, आणि बेरीज चुकलेली मला झोपेतही कळते, असं माझा नवरा म्हणतो. कौतुकाने म्हणतो की कसं, हे मी विचारलेलं नाही.

तेव्हा आम्ही आर्नहेमला राहायचो. बाबा एका वीज कंपनीत इंजिनियर होते. पुण्याहून आम्हाला इथे आणताना, सगळा देश सपाट आहे, सायकल आपोआप चालते, असं त्यांनी सांगितलं होतं. नेमकं आर्नहेम तेवढं चढउतारांचं निघालं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली इनेका नावाच्या बाई राहायच्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्या हातात मोबाइल घेऊन वर आल्या, आग लागली का म्हणून विचारायला. आईने त्यांना आत बसवलं, पोहे केले, बशी पुढे ठेवली. इनेका "नको, आभारी आहे" म्हणाल्या. आईने "थोडेसे" म्हणून बशी आणखी पुढे सरकवली. इनेका पुन्हा "नको" म्हणाल्या, उठल्या आणि निघून गेल्या. आई दारात बशी धरून कितीतरी वेळ उभी होती. "अगं, नको म्हणाली," ती मला म्हणाली, "आणि खरंच घेतले नाहीत गं!"

हे दुःख वरवरचं नव्हतं. पुण्यात आमच्याकडे दिवसभर कोणी ना कोणी टपकायचं आणि आईचा हात वाढता असायचा. इथे माणसं तीन आठवडे आधी वेळ ठरवून यायची, कॉफीबरोबर एक बिस्कीट घ्यायची, आणि मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण बंद व्हायचं. शाळेतल्या मैत्रिणीकडे खेळायला गेले की सहाच्या ठोक्याला तिची आई मला कोट घालून घरी पाठवायची, कारण आता त्यांची जेवायची वेळ. आईला बाबांच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. तिच्याकडे होतं ते एवढंच: दुकानातल्या क्वार्कचं, म्हणजे इथल्या घट्ट दह्यासारख्या चीजचं, पाणी फडक्यात बांधून काढायचं, त्यात साखर, केशर, वेलची घालायची आणि ते श्रीखंड कोणाला तरी दुसऱ्यांदा वाढायचं. आम्ही तिघं किती खाणार? एखाद्या चांगल्या बॅट्समनला पाच वर्षं कोणी बॉलच टाकू नये, तशी तिची अवस्था होती.

अशा घरात लिन आली. तिचे वडील, आमचे त्रान काका, आठवडी बाजारात मोठ्या चर्चच्या सावलीत लुंपियाची, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांची, गाडी लावायचे. इथल्या प्रत्येक गावात अशी एक व्हिएतनामी गाडी असते. लोक लुंपिया खातात आणि विकणाऱ्याचं नाव कधी विचारत नाहीत. बाबांनी विचारलं, कारण त्यांना भाजीचे लुंपिया वेगळ्या तेलात तळतात का हे जाणून घ्यायचं होतं. त्यातून कळलं की हा माणूस संध्याकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत व्होव्हिनाम शिकवतो. व्होव्हिनाम ही व्हिएतनामची मारामारीची विद्या. तिचा सर्वांत प्रसिद्ध डाव असा, की पळत येऊन उडी मारायची, दोन्ही पायांची कात्री समोरच्याच्या मानेला घालायची आणि त्याला जमिनीवर आणायचं. बाबांनी मला तिथे घातलं. "हिवाळ्यात घरात बसून मुलगी वाकडी होईल," हे त्यांचं कारण. आईला डाव दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मानेला पाय? दुसऱ्याच्या?"

माझ्या स्वतःच्या कारकिर्दीबद्दल दोन ओळी पुरतील, कारण ती एका सामन्याची होती. आमच्या घरात कोणालाही पाय लागला की लगेच त्या माणसाला हात लावून तो हात छातीशी न्यायचा, हे मला चालायला लागल्यापासून लावलेलं वळण. सामन्यात माझा पहिला पाय समोरच्या मुलीच्या बरगडीला बरोबर लागला. मला गुण मिळाला. मी वाकून तिच्या खांद्याला बोट लावलं आणि हात छातीशी नेला. तिने मला आडवं केलं. उठल्यावर मी पुन्हा लाथ मारली, पुन्हा नमस्कार केला, पुन्हा आडवी झाले. पंचांनी खेळ थांबवून काळजीने विचारलं, की तुला काही झटके वगैरे येतात का? त्यानंतर मी क्लबात सरावापुरतीच राहिले, आणि सरावाला मी लागत असे ती लिनला. आठवड्यातून तीन वेळा ती माझ्या मानेला कात्री घालायची. माझ्या वयाची, माझ्याच उंचीची, पण पायांत स्प्रिंगा. ती माझ्यावर हसली नाही, ती एकटीच. "तू लाथ छान मारतेस," ती म्हणाली, "फक्त नंतर माफी उशिरा मागत जा. घरी गेल्यावर."

लिन जिंकत होती. आधी गावातली, मग प्रांतातली, मग देशातल्या तिच्या वयाच्या मुलींतली बहुतेक सगळी बक्षिसं तिच्या घरी, लुंपियाच्या पिठाच्या पोत्यांवर रांगेने ठेवलेली असत. ती अठराची झाली त्या वर्षी पुढची मोठी स्पर्धा व्हिएतनाममध्ये, त्रान काकांच्याच शहरात होती. हॉलंडच्या संघाची निवड द हेगजवळच्या एका हॉलमध्ये, प्रत्येक वजनी गटातून एक. त्रान काका तरुणपणी देश सोडून आले ते परत गेलेच नव्हते. त्यांना ही विद्या शिकवली होती त्यांच्या थोरल्या भावाने, आणि तो आता म्हातारा झाला होता. "लिन संघाचा कोट घालून जाईल तेव्हा मी जाईन," असं काकांनी भावाला फोनवर सांगून टाकलं होतं. त्याची दृष्टी कमी होत चालली होती, म्हणून त्याने काकांना उलट सांगितलं होतं की मग जरा लवकर कर. हे सगळं आम्हाला लिननेच सांगितलं होतं. आईलाही माहीत होतं. त्यावर आई म्हणाली होती, "पोरीला ताकद हवी."

निवडीच्या आदल्या दिवशी काका मॅट लावायला आणि पंचांच्या बैठकीला पुढे गेले. लिन आमच्याकडे राहायला आली; बाबा सकाळी तिला गाडीने नेणार होते. दुपारी काकांच्या गाडीशेजारच्या मासळीवाल्याच्या काट्यावर तिचं वजन त्रेपन्न किलो सातशे भरलं होतं. तिचा गट चोपन्नच्या आतला. म्हणजे तीनशे ग्रॅम हातात. माणूस रात्रभरात श्वासाने आणि घामाने पाचसहाशे ग्रॅम सहज हलका होतो, तेव्हा वाटीभर भात आणि एक फळ खाऊन ती आरामात बसली असती. हा हिशोब मी आईला दुपारीच समजावून दिला. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "हो गं, थोडंसंच वाढते," ती म्हणाली, आणि पुऱ्यांची कणीक भिजवायला घेतली.

मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, मठ्ठा आणि क्वार्कचं श्रीखंड. उन्हाळ्याचे दिवस, जेवायला बसलो तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं आणि खाली इनेका झाडांना पाणी घालत होत्या. आईने खरोखर थोडंसंच वाढलं. लिनने ते पुसून संपवलं, कारण त्यांच्या घरात वाटीत भाताचं शीत राहिलं तर रांधणाऱ्याचा अपमान होतो. आईने रिकामं ताट पाहिलं. आमच्या घरात ताट रिकामं दिसणं हा वाढणाऱ्याचा अपमान. आईने वाढलं. लिनने संपवलं. दोघीही आपापल्या परीने अत्यंत सभ्य वागत होत्या आणि दोघींपैकी एकीलाही थांबता येत नव्हतं.

"बस, काकू," लिन म्हणाली. मराठीतले तिला येणारे जे काही शब्द होते त्यांत हा एक होता.

"बस काय, काहीच खाल्लं नाहीस. उद्या मारामारी आहे ना?"

"आई, तिचं वजन," मी म्हणाले.

"पाहुण्याच्या ताटात बघू नये, मुक्ता."

"ताटात नाही बघत, काट्यावर बघते आहे."

"अगं, श्रीखंडाने कुठे वजन वाढतं? थंड असतं ते."

बाबा इंजिनियर. थंड पदार्थालाही वजन असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी आपल्या ताटावर आडवा हात धरला, भूक नसल्याचं सांगितलं आणि या विषयात ते तटस्थ राहिले. लिनने तो हात पाहिला, पण त्याचा अर्थ तिला कुठून कळणार? तिला वाटलं हे पुरुषांचं काहीतरी असावं. छातीवरचा, मानेवरचा, गुडघ्यावरचा प्रत्येक वार अडवायला तिला शिकवलेलं होतं. वाढायचा डाव हातात घेऊन उजवीकडून, बोलता बोलता होणारा हल्ला कसा अडवायचा, हे कोणी दाखवलंच नव्हतं. शेवटची पुरी आईने "ही माझ्याकडून" म्हणून वाढली. आधीच्या कोणाकडून होत्या, देव जाणे.

सकाळी द हेगजवळच्या त्या हॉलमध्ये वजनाच्या काट्यापाशी योके नावाच्या बाई बसल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात कॉफी, कॉफीशेजारी एक बिस्कीट. लिन काट्यावर चढली. चोपन्न किलो सहाशे.

"किती?" आईने मला विचारलं. तीही आली होती, बरोबर धपाट्यांचा डबा घेऊन.

"सहाशे ग्रॅम जास्त. तिला घेणार नाहीत."

"सहाशे ग्रॅमसाठी? आपला मंडईतला भाजीवाला तेवढं वर टाकतो!"

तोपर्यंत आईला सामन्याआधी वजन करतात ते फक्त नोंदीपुरतं, दवाखान्यात करतात तसं, असं वाटत होतं. मी दुपारी समजावलेला हिशोब तिने ऐकला होता, पण तो तिला आहाराचा सल्ला वाटला होता, आणि मुलींनी दिलेले आहाराचे सल्ले ती मोजत नसे. आता मात्र तिचा चेहरा उतरला. मग ती सरळ योकेंपुढे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग त्यांना. ते वजन हिचं नाहीये. ते माझं श्रीखंड आहे."

मी भाषांतर केलं. योकेंनी ते अजिबात हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या वजनाबद्दल यात काही लिहिलेलं नाही. एक तास आहे. तासाने पुन्हा एकदा वजन करता येईल." आईने आशेने डबा उघडून पुढे केला. योकेंनी बिस्किटाकडे बोट दाखवलं. "माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

तो तास मी विसरणार नाही. लिनने बाबांचा रेनकोट घातला, त्यावर आईचा लोकरी स्वेटर, आणि ती पार्किंगमध्ये दोरीवरून उड्या मारत राहिली. बाबा घड्याळ धरून उभे. आई तिच्यासमोर उभी होती आणि दर थोड्या वेळाने तिचा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जायचा. मी तो धरायचे. तासाने काटा चोपन्न किलो दोनशेवर थांबला. योकेंनी तो आकडा लिहिला. वरच्या गटात, साठ किलोच्या आत, एक जागा रिकामी आहे, हवी असेल तर घ्या, असं त्यांनी सांगितलं. ते त्यांनी आपणहून सांगितलं, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

तेवढ्यात त्रान काका आले. त्यांनी लिनला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ती डचमध्ये बोलली, आम्हाला कळावं म्हणूनच असेल. "मी जास्त खाल्लं, बाबा. माझं चुकलं."

आमच्या घराचं नावही तिने काढलं नाही. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या डब्याकडे. मग ते आईसमोर आले, हात छातीवर ठेवला, वाकले आणि म्हणाले, "माझ्या मुलीला तुम्ही घरच्यासारखं जेवू घातलंत. आभारी आहे."

मी भाषांतर केलं नाही. करायची गरज पडली नाही. परत येताना गाडीत आई म्हणाली, "ओरडले असते तर बरं झालं असतं."

साठच्या गटात लिनने पहिला सामना जिंकला. दुसरा फ्रिसलंडच्या एका मुलीशी होता. दूधदुभत्यावर वाढलेली, लिनहून वीतभर उंच. लिनने दोनदा कात्री घातली. पहिल्यांदा ती मुलगी गुडघ्यावर आली, दुसऱ्यांदा तिने लिनला मानेवरच उचलून धरलं, फळीवरची पिशवी उचलावी तशी, आणि हलकेच खाली ठेवलं. गुणांचा फरक फार नव्हता, पण निवड फरकावर होत नाही. काकांनी त्या संध्याकाळी हॉलच्या बाहेरून भावाला फोन केला. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. खूप थोडं बोलले.

पुढची निवड दोन वर्षांनी. मधल्या काळात आमच्या घराची रीत बदलली. आईने स्वयंपाकघरात एक काटा आणला आणि कोणाच्याही आधी स्वतःचा आग्रह त्यावर ठेवला. लिन दर आठवड्याला जेवायला यायची, आणि आई मुगाची उसळ ग्रॅमवर मोजून वाढायची, डावाच्या मुठीवर दुसरा हात घट्ट धरून. पण स्वतःच्या संयमावर तिचा भरवसा नव्हता, आणि जगात आपल्यासारख्या बायका आणखी आहेत हेही तिला ठाऊक होतं. एका रविवारी तिने लिनला रिकाम्या ताटासमोर बसवलं, आणि मला भाषांतराला शेजारी.

"हे बघ. वाढायला कोणी आलं की असा हात. आडवा. बोटं मिटलेली. बोटं पसरलीस की फटीतून वाढतात. मी वाढलंय."

लिनने हात धरला. आईने रिकामा डाव घेऊन उजवीकडून हल्ला केला आणि अंगठ्यापाशी जागा काढली.

"बघ, गेली पुरी. हात खाली ने, ताटाच्या जवळ. आणि ताटाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. हसायचं, पण मान हलवायची नाही."

"आणि 'बस' म्हणायचं?" लिनने विचारलं.

"ते म्हण हवं तर. ते कोणी ऐकत नाही."

तासभर हा सराव चालला. डावीकडून, उजवीकडून, बोलण्यात गुंतवून, "ही शेवटची" म्हणून, "माझी शपथ" म्हणून. त्रान काका लिनला न्यायला आले ते दारात थांबून पाहत राहिले, आणि त्यांनी एकच सूचना केली, की कोपर अंगाला चिकटलेलं हवं. आता माझी लेक माझ्या टेबलावर डचमध्ये "पोट भरलं" म्हणते, ताट उचलते आणि जाते. तिच्याशी कोणी लढत नाही. मीही इथल्या आयांसारखी आग्रह करत नाही. हे बरं आहे. तरी कधी कधी हातातला डाव जड वाटतो.

दोन वर्षांनी लिन चोपन्नच्या गटातून निवडली गेली. काका तिच्याबरोबर गेले. परत आल्यावर ती थेट आमच्याकडे आली, संघाच्या निळ्या कोटात, तिसऱ्या क्रमांकाचं पदक खिशात. आईने ताटं मांडली होती. लिन सांगत होती आणि आम्ही तिघं ऐकत होतो. तिच्या थोरल्या काकांना, म्हणजे त्रान काकांच्या भावाला, आता जवळजवळ काहीच दिसत नाही. सामन्याला ते पहिल्या रांगेत बसले होते आणि तिचे बाबा त्यांच्या कानात प्रत्येक लाथ सांगत होते. थोरले काका मधे मधे "पाय उशिरा उचलला" असं म्हणायचे, आणि ते बरोबर असायचं. दोन वर्षांपूर्वी गेली असती तर त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं असतं. हे लिन म्हणाली नाही. आईने मान खाली घातली, म्हणून मी लिहिते आहे.

"वजनाच्या आदल्या दिवशी थोरल्या काकांनी जेवायला बोलावलं," लिन म्हणाली. "माझा दंड चाचपून पाहिला आणि म्हणाले, ही तर काडी झाली आहे, तिकडे हिला कोणी खायला घालत नाही का? स्वतः उठून सूप वाढायला लागले. एक वाटी झाली. दुसरी वाढायला पळी आणली."

"मग?" आईने विचारलं.

"मी हात आडवा धरला. बोटं मिटून. त्यांची पळी माझ्या हातावर टेकली. त्यांनी हात चाचपला आणि विचारलं, हा कुठला डाव? आपल्याकडे असा नाही. मी म्हटलं, आर्नहेमच्या एका काकूंनी शिकवलाय. ते इतके हसले, की पळी खाली ठेवली."

आईने पदराने डोळे टिपले. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"एकदाच हात धरलास?"

"एकदाच."

"आणि त्यांनी पळी खाली ठेवली?"

"हो."

"पुन्हा विचारलंच नाही?"

"नाही, काकू."

आईने श्रीखंडाचं भांडं पुढे ओढलं. "मग कसला आग्रह तो," ती म्हणाली.